‘आज होडी नाही’ : पर्यटनाच्या डिजिटल सज्जतेची एक परीक्षा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते भूगोल शिकवत. ‘डिजिटल पर्यटनासाठी आपला देश कितपत सज्ज आहे’ हा विषय आयोजकांनी सुचवला, तेव्हा त्याच आधारावर मी एक सवलत मागून घेतली. देशाची परीक्षा दिल्लीत घ्यायची नाही, मालवणच्या जेटीवर घ्यायची. दिल्लीतल्या दालनात सज्जता फार लवकर सिद्ध होते. जेटीवर समोर पाहुणा उभा असतो, त्याच्या हातात फोन असतो, आणि फोनमधले आणि डोळ्यांपुढचे जुळते की नाही हे त्याला तिथल्या तिथे कळते.

आधी जगाची मोजणी बघू. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम ही संस्था देशांच्या पर्यटनाचा निर्देशांक काढते. 2024च्या यादीत 119 देशांत भारत 39वा आहे. एकूण 17 मुख्य निकष, त्यांतला एक माहिती-तंत्रज्ञानाच्या सज्जतेचा. इंटरनेट वापरणारे किती, मोबाइलच्या जोडण्या किती, नेटवर्कच्या टप्प्यात किती लोक येतात, हॉटेल आणि वाहतुकीचे व्यवहार ऑनलाइन कितपत होतात, असा तो हिशेब असतो. शिवाय एखाद्या देशाचा निसर्ग आणि संस्कृती लोक इंटरनेटवर किती शोधतात, हेही मोजतात. शोधणारे मोजले जातात. शोधल्यावर त्यांना जे सापडते ते खरे आहे का, आजचे आहे का, याला रकाना नाही.

या मोजपट्टीने आपले बरे चालले आहे, आणि ते मान्य करण्यात कंजुषी नको. पर्यटकांसाठी ई-व्हिसा 2014च्या नोव्हेंबरात सुरू झाला. यूपीआय 2016मध्ये आले, आणि आज बाजारातल्या मासळीवालीच्या टोपलीशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा उभा असतो. भारतात बँक खाते नसलेल्या परदेशी प्रवाशाला यूपीआय वापरता यावे अशी सोय 2023मध्ये, जी-20च्या निमित्ताने झाली. ‘अतुल्य भारत’चे नवे डिजिटल व्यासपीठ 27 सप्टेंबर 2024ला, पर्यटनदिनी खुले झाले. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचे नाव तर 2025पासून ‘देशातला पहिला एआय जिल्हा’ असे घेतले जाते. बोलवायला, आरक्षण घ्यायला आणि पैसे जमा करून घ्यायला आपण सज्ज आहोत.

पाहुण्याला खरे सांगायला आपण सज्ज नाही. आणि खरे सांगताना ‘आज नाही’ म्हणायची वेळ आली, तर अजिबातच नाही. आजच्या व्याख्यानात मला एवढेच मांडायचे आहे; बाकीचे त्याचे दाखले आहेत.

नावापासून सुरुवात करू. फोनवर ‘सिंधुदुर्ग’ शोधा. एक सिंधुदुर्ग समुद्रात, कुरटे बेटावर आहे. 25 नोव्हेंबर 1664ला शिवाजी महाराजांनी त्याचा पाया घातला. दुसरा सिंधुदुर्ग म्हणजे जिल्हा, 1 मे 1981ला रत्नागिरीतून वेगळा झालेला. तिसरे कोकण रेल्वेचे स्टेशन, ते ओरोसच्या बाजूला, किल्ल्यापासून तीसेक किलोमीटर आत. चौथा विमानतळ, तो वेंगुर्ले तालुक्यात चिपीला. पाचवी सिंधुदुर्गनगरी, म्हणजे कलेक्टर कचेरी. आपण यात कधी चुकत नाही, म्हणून हा गोंधळ आपल्याला दिसतच नाही. नाशिकहून येणारे कुटुंब मात्र किल्ला पाहायचा म्हणून सिंधुदुर्ग स्टेशनचे तिकीट काढते, उतरते, आणि समुद्र कुठल्या बाजूला आहे असे विचारते. मालवणला येणारी जाणती मंडळी कुडाळला किंवा कणकवलीला उतरतात, कारण पुढची एसटी आणि रिक्षा तिथे मिळायची शक्यता जास्त. हे एक वाक्य रेल्वेच्या आरक्षणाच्या पानावर असायला काय हरकत होती?

विमानतळाची कथा याहून बोलकी. 9 ऑक्टोबर 2021ला चिपीचे उद्घाटन झाले, मुंबईची सेवा सुरू झाली, आणि उडान योजनेतली तीन वर्षांची मुदत संपल्यावर 2024च्या ऑक्टोबरात ती थांबली. विमान थांबले, तरी ‘जवळचा विमानतळ : सिंधुदुर्ग’ ही ओळ प्रवासाच्या पानांवर डोलत राहिली. ती खोटी नव्हती. विमानतळ होताच तिथे. दरम्यान 2023च्या जानेवारीपासून गोव्यात मोपाचा विमानतळ चालू झाला होता. सावंतवाडी-वेंगुर्ल्याला येणाऱ्याला तोच सोयीचा, पण तो पडला दुसऱ्या राज्यात, मग आपल्या राज्याच्या पानावर त्याचे कौतुक कोण करणार?

11 जुलै 2025ला मराठ्यांच्या 12 किल्ल्यांची नोंद युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाली. त्यात आपले दोन, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग. यापुढे सिंधुदुर्ग शोधणारा माणूस मुंबई-पुण्याचाच असेल असे नाही. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि सगळे जलपर्यटन बंद असते. मालवणच्या पहिलीतल्या पोराला ते ठाऊक असते. जुलैत जेटीवर छत्री धरून उभे राहिलेले जोडपे मात्र फोन पुढे करून म्हणते, ‘इथे तर उघडे लिहिलेय.’ ज्याने ते लिहिले त्याने पाऊस पाहिलेला नसतो.

आता जरा थांबून एक उलटे चित्र बघू. डिजिटल क्रांती या किनाऱ्यावर पर्यटनातून आली असे आपण समजतो, पण ती त्याच्याही आधी मासेमारीतून आली. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य पाहते, त्यावरून मासे कुठे असण्याचा संभव आहे ते ठरवते, आणि तो पट्टा मच्छीमाराला मोबाइलवर कळवते. लाटांची उंची, वारा, उधाण यांचे इशारेही तीच देते. 26 नोव्हेंबर 2008च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे मिळाली, नौकांची नोंद ‘रिअलक्राफ्ट’ या संगणकीय प्रणालीत गेली. म्हणजे नौका कुणाची, तांडेल कोण, समुद्र आज कसा, हे सगळे मासळीच्या धंद्यात नोंदलेले आणि कळवलेले असते.

त्याच घरातला मुलगा सीझनला स्कूबावाल्यांबरोबर जातो किंवा डॉल्फिन दाखवायला होडी काढतो. इशाऱ्याचा संदेश त्याच्याही फोनवर आलेला असतो. पाहुण्याच्या फोनवर तो येत नाही. पाहुण्याच्या फोनवर येतात ते आरक्षण पक्के झाल्याचे, पैसे मिळाल्याचे आणि ‘आपला अनुभव कसा होता’ असे विचारणारे.

इथे यंत्रणेची गोम आहे आणि तिच्यावर थोडा वेळ खर्च करू. आरक्षण तीन आठवड्यांपूर्वी झालेले असते, बहुधा पुण्या-कोल्हापूरच्या एजंटामार्फत. पैसे आधीच गेलेले. पाहुण्याला दोनच दिवस सुटी. सकाळी होडीवाला म्हणतो, ‘आज वारो हा, होडी जावची नाय.’ पूर्वी हे वाक्य म्हणायला काही खर्च नव्हता. पाहुणा चरफडायचा आणि आंबोलीला किंवा सावंतवाडीची लाकडी खेळणी बघायला जायचा. आज त्या वाक्याची किंमत लागते. एजंट पैसे परत मागतो, पुढच्या वेळी दुसऱ्या होडीवाल्याकडे गिऱ्हाईक पाठवतो. पाहुणा संध्याकाळी एक तारा देतो आणि ‘वाईट सेवा’ असे लिहितो. समुद्राला कुणी तारा देत नाही, न्यायची हिंमत करणाऱ्याला पाच मिळतात. नाही म्हणणाऱ्याला दंड आणि हो म्हणणाऱ्याला बक्षीस अशी व्यवस्था आपण हौसेने उभी केली आहे, आणि तिला सज्जता म्हणतो आहोत.

24 मे 2022ला तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा करून परतणारी होडी उलटली. दोन पर्यटकांचा जीव गेला. सीझन बंद व्हायला जेमतेम काही दिवस होते. त्या अपघाताचा निवाडा या व्यासपीठावरून करायचा माझा अधिकार नाही. पण किनाऱ्यावर उभ्या असलेल्या त्या पाहुण्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. या होडीची नोंदणी आहे का, तिच्यात किती माणसे बसायची परवानगी आहे, बरोबर येणारा पाणबुड्या कुठे शिकला, आज समुद्राबद्दल काय इशारा आहे, हे चार प्रश्न फोनवर विचारून उत्तर मिळण्याची सोय असली पाहिजे. राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण 2021मध्ये केले, त्यात नोंदणीची अट आहे. अट योग्यच. मात्र नोंदणीचा कागद कचेरीच्या फायलीत असून पाहुण्याला काय उपयोग? होडीच्या बाजूवर पैसे घेण्याचा क्यूआर कोड चिकटवता येतो, तर नोंदणी आणि माणसांची मर्यादा दाखवणारा दुसरा कोड त्याच्या शेजारी का नसावा?

सरकारला पाहुण्याविषयी सगळे हवे असते, हे लक्षात घ्या. देवबागच्या एखाद्या न्याहारी-निवासात परदेशी माणूस उतरला, तर 24 तासांच्या आत त्याच्या माहितीचा फॉर्म ऑनलाइन भरून पाठवावा लागतो. घरधनीण भाकऱ्या थापता थापता मुलाला सांगते, ‘आधी तेचो फॉर्म भर रे.’ पाहुणा कोण, कुठला, किती दिवस, हे सरकारला एका दिवसात कळते. समुद्र कसा आहे, हे त्या पाहुण्याला कळत नाही.

आता आपल्या गावांकडे येतो, कारण ‘नाही’ म्हणण्याचे शास्त्र या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. आचऱ्याची गावपळण घ्या. काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खे गाव, गुरे-कोंबड्या-कुत्र्यांसकट, तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर राहायला जाते. घरे बंद, बाजार बंद, रस्ते ओस. माळावर झापाच्या राहुट्या पडतात, तिथे भजने रंगतात, चुली पेटतात. माझ्या मते या जिल्ह्यातले हे सर्वांत विलक्षण दृश्य आहे, आणि ते पर्यटकांसाठी नाही. कौल व्हायच्या आधी त्या तारखांची खोली कुणी ऑनलाइन आरक्षित केली असेल तर? कुठल्याही कंपनीच्या प्रणालीत ‘मालक देवाच्या आज्ञेने गावाबाहेर आहेत’ असा पर्याय नसतो. तिला बंद म्हणजे बेजबाबदार एवढेच कळते. मालकाचा दर्जा घसरतो.

मसुऱ्याच्या आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्राही पंचांगात सापडत नाही. शिकार होते, देवीचा कौल होतो, मग तारीख जाहीर होते. जाहीर झाली की काही तासांत ती लालबाग-परळपासून दुबईपर्यंत पोचते, कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते, एसटी बस सोडते, लाखो माणसे येतात आणि जातात. या माहितीच्या प्रवासाला कुणी अॅप काढले नव्हते. तारीख सांगायचा अधिकार कुणाचा हे सगळ्यांना मान्य आहे, म्हणून व्हॉट्सअॅपवरचा एक संदेश पुरतो आणि खोट्या तारखेचा टिकाव लागत नाही. डिजिटल पर्यटनावरच्या अहवालांत ‘विश्वासार्ह माहिती’ हा शब्द शेकड्याने येतो. ती कशी तयार होते हे बघायचे असेल तर अहवाल लिहिणाऱ्यांनी आंगणेवाडीला यावे. समुद्र आज उघडा की बंद, हे सांगायचा असा एकच मान्य अधिकार किनाऱ्यावर कुणाकडे आहे? बंदर कार्यालय, ग्रामपंचायत, होडीवाल्यांची संघटना, वनखाते, प्रत्येकाकडे थोडा थोडा. पाहुण्यासाठी बोलणारा एकही नाही.

काही गोष्टी न सांगणे हीसुद्धा सज्जताच. आंबोलीला हिरण्यकेशीच्या कुंडात ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा छोटा मासा सापडला, 2020मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, आणि 2021मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. आंबोलीचाच म्हणून ओळखला जाणारा बेडूक जगात अतिसंकटग्रस्त मानला जातो. पावसाळी रात्री विजेऱ्या घेऊन फिरणारे हौशी छायाचित्रकार त्याचे फोटो टाकतात. फोटोबरोबर नेमकी जागाही जाते. मालवण तालुक्यातली कुडोपीची कातळशिल्पे 2022पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. उघड्या सड्यावरची ती चित्रे, त्यांना ना कुंपण ना पहारा. ज्या दिवशी तिथे चारचाकी नेणारा रस्ता नकाशावर ठळक होईल, त्या दिवशी चित्रांवर टायर फिरणार नाहीत याची तजवीज आधी हवी. आपल्याकडे क्रम उलटा असतो. आधी रील, मग गर्दी, मग फलक, आणि कुंपणाला मंजुरी सर्वांत शेवटी.

नेटवर्कविषयी मी फार बोलणार नाही. तुम्ही रोज भोगता. 2020च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातली एक विद्यार्थिनी डोंगरावरच्या खोपीत बसून ऑनलाइन शिकत होती, कारण घरात रेंज नव्हती. 2021च्या मेमध्ये तौक्ते वादळ आले, विजेचे खांब झोपले आणि कित्येक गावे दिवसेंदिवस फोनविना राहिली. ज्या किनाऱ्यावर वादळ येणारच आहे, तिथे डिजिटल व्यवस्थेला कागदाची जोड लागते. खोलीच्या दारामागे छापलेला एक कागद, त्यावर बंदर कार्यालयाचा, पोलिसांचा, दवाखान्याचा नंबर आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक. खर्च दोन रुपये.

आता पैशाचे. स्वदेश दर्शन योजनेत शिरोडा, सागरेश्वर, तारकर्ली, विजयदुर्ग, मिठबाव अशी आपली किनारी साखळी 2015-16मध्येच घेतली गेली. निवतीच्या समुद्रात नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ तळाशी बसवून पाण्याखालचे संग्रहालय करायचे आहे. केंद्राने त्यासाठी 46.91 कोटी मंजूर केले. जहाज बुडवायला माझा विरोध नाही. पण जहाज बुडवायला कोटी मिळतात आणि रोज सकाळी एक पान खरे ठेवणाऱ्या माणसाच्या पगाराला कुठल्याही योजनेत शीर्षक सापडत नाही, हे मला खटकते. संकेतस्थळाचे उद्घाटन होते, फीत कापली जाते, आणि दुसऱ्या दिवसापासून ते कुणाचेच नसते. डिजिटल सज्जता हे बांधकाम नव्हे, ती नोकरी आहे. रोजची, कंटाळवाणी, पगारी नोकरी.

गोव्याकडे बघून शिकावे असे एक सांगतो, आणि न शिकावे असेही एक. शिकावे ते नोंदणीचे : गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा 1982चा आहे. इंटरनेट यायच्या कितीतरी आधी त्यांनी ठरवले, की पाहुण्याला खोली देणारा सरकारला माहीत असला पाहिजे. न शिकावे ते टॅक्सीचे. तिथे 2018मध्ये अॅपवरची टॅक्सी आली आणि स्थानिक टॅक्सीवाल्यांशी जो झगडा सुरू झाला तो वर्षानुवर्षे मिटला नाही. आपल्याकडे रिक्षा, होडी, खोली, जेवण सगळे स्थानिकांच्याच हातात आहे. त्यांना बाजूला ठेवून मुंबईच्या किंवा बंगळूरूच्या कुणी अॅप आणले, तर इथेही तेच होईल, आणि त्यात चूक स्थानिकांची नसेल.

खोल्यांबद्दलही थोडे. देवबागची, वायरीची कितीतरी घरे आज इंटरनेटवर ‘तारकर्ली’ म्हणून विकली जातात, कारण लोक तारकर्ली शोधतात. घराचे पान मुंबईतल्या भाच्याने बनवलेले, पासवर्ड त्याच्याकडे, फोटो चार वर्षांपूर्वीचे. स्कूबाच्या जाहिरातीत दिसणारे प्रवाळ कुठल्या समुद्रातले हे तर विचारूच नका. मालवणचे सागरी अभयारण्य 1987चे आहे, इथे स्वतःचे प्रवाळ आहेत, लहान असतील पण आपले आहेत. दुसऱ्याच्या समुद्राचा फोटो लावून बोलावलेला पाहुणा आपल्या पाण्यावर नाराज होऊन जातो. घरधनिणीला स्वतःचे पान स्वतः बदलता आले पाहिजे, गावाचे खरे नाव लिहिता आले पाहिजे, आणि बंदच्या दिवशी ‘बंद’ लिहिल्याबद्दल तिचा क्रमांक खाली जाता कामा नये. शेवटच्या अटीसाठी सरकारने कंपन्यांशी भांडले पाहिजे. बाकीच्या दोन गोष्टी बचतगटाच्या एका दुपारच्या बैठकीत शिकवता येतात.

देशाच्या सज्जतेविषयी माझा निकाल असा : पैसे घेण्यात पहिला वर्ग, बोलावण्यात पहिला वर्ग, खरे सांगण्यात नापास. 39व्या क्रमांकाने या तिसऱ्या विषयाचा पेपर तपासलेलाच नाही.

सुरुवात कुठून करायची, हे मी जेटीवरूनच सांगतो. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाने एक माणूस नेमावा, पगार देऊन. त्याने रोज सकाळी सहाला इन्कॉइसचा इशारा आणि बंदर कार्यालयाची सूचना बघून एकच संदेश काढावा : आज होडी आहे, किंवा आज होडी नाही. तो फलकावर लागावा, फोनवर जावा, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. ‘नाही’च्या दिवशी पैसे परत मिळतील हे आरक्षण घेतानाच लिहिलेले असावे आणि तो तोटा एकट्या होडीवाल्याने सोसू नये, एजंटानेही अर्धा उचलावा.

सीझन सप्टेंबरात उघडतो. त्याआधीची ग्रामसभा 15 ऑगस्टची असते. देवबाग, तारकर्ली, वायरीची जी मंडळी आज इथे बसली आहेत त्यांनी हा विषय त्या सभेच्या पत्रिकेवर लावून घ्यावा. अर्ज आधी द्यावा लागतो, तेवढे विसरू नका.